उघडं राहिलेलं टोक

१० जुलै, बुधवार

डॉक्टर बोलता बोलता थांबले तेव्हाच मला कळलं.

त्याआधी छान बोलत होते. हे हात, हे पाय, हे हृदय, बघा किती नियमित चाललंय. शामला दिसावं म्हणून स्क्रीन जराशी वळवलीही होती. शाम पुढे वाकून बघत होता. घाटात एसटी चालवताना समोर बघतो तसा, पापणी न हलवता. मग यंत्र पोटावरून सरकत बाळाच्या डोक्याकडे गेलं आणि डॉक्टर गप्प झाले. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग स्क्रीन हळूच स्वतःकडे फिरवली.

पण मी पाहिलं होतं. डोळ्यांच्या दोन खाचा, आणि त्यांच्या वर काही नाही. कवटीची पांढरी कमान दिसायला हवी तिथं नुसतं काळं पाणी. हेच चित्र मी दरवर्षी थर्ड इयरच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते!

डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. ते म्हणाले, मग तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शाम एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याला कुणीच काही सांगितलं नाही. ऑटोत बसल्यावर हळू आवाजात म्हणाला, "डोकं बारीक हाय का?"

म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी आलो. सांगितलं नाही.

११ जुलै, गुरुवार

आज सांगितलं.

त्याची ड्युटी दुपारची होती. मी कणीक मळत होते. तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आता सांग. मला शब्द सापडेना. इंग्रजीतला शब्द आहे, लांबलचक, तो सांगून काय उपयोग? मग मी कणकेचा गोळा घेतला आणि लांबट लाटला.

म्हटलं, सुरुवातीला बाळाच्या पाठीवर अशी एक सपाट पट्टी असते. मेंदू नाही, मणके नाहीत, नुसती पट्टी. मग तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मध्ये येतात, एकमेकींना चिकटतात. करंजीचं तोंड मिटावं तशा. मानेजवळ आधी मिटतात, मग चेन ओढल्यासारखं वर आणि खाली मिटत जातं. त्याची नळी होते. नळीचं वरचं टोक फुगतं, तो मेंदू. उरलेली पाठीतून खाली जाते. बेडकाचं असंच, कोंबडीचं असंच, गाईचं, आपलं. आणि हे सगळं पहिल्या महिन्यातच उरकतं. पाळी चुकली की काय, असं बाईच्या मनात येत असतं तोवर.

मी बोलता बोलता नळी करत होते. वरचं टोक उघडं ठेवलं.

"आपल्या बाळाचं हे मिटलं नाही. म्हणून कवटीही झाली नाही. आत जे काही झालं होतं ते पाण्यात झिजून गेलं."

शामनं ती नळी माझ्या हातातून घेतली. बराच वेळ बघत राहिला. मग दोन बोटांनी ते टोक चिमटून बंद केलं.

"इतकंच?"

"इतकंच."

"आता नाही करता येत?"

"नाही."

ती कणीक हातात धरून तो तसाच खाली बसला. ड्युटीची वेळ झाली तेव्हा मी ती त्याच्या मुठीतून सोडवून घेतली. वाळून गेली होती.

१३ जुलै, शनिवार

यवतमाळला गेलो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं म्हणून. बाई होत्या, वयस्कर. वेळ देऊन तपासलं. तेच.

पोटात वाढेल. जन्मही होईल कदाचित. पण काही तास, फार तर एखाद-दोन दिवस. कुठलंही ऑपरेशन नाही. ठेवायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, मी घाई करणार नाही, पण कायद्याचीही एक वेळ असते, म्हणाल्या.

मग विचारलं, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या? म्हटलं, मूल हवं असं ठरवलं त्या महिन्यापासून घेतेय, एकही चुकवली नाही. मी स्वतः शिकवते हे!  म्हणाल्या, "मग तुमच्या हातात काहीच नव्हतं हो. होतं असं कधी कधी."

त्यांना वाटलं असेल, याने मला बरं वाटेल. परतताना दारव्ह्यापर्यंत मी त्याच वाक्यावर अडून बसले होते. काही चुकलं असतं तर चूक तरी धरून बसता आलं असतं. सहा वर्षं वाट पाहिली, सगळं बरोबर केलं, आणि दोन कडा एकमेकींपर्यंत पोचल्या नाहीत. बस.

शाम प्रवासी म्हणून बसला होता, तरी दर स्टॉपला त्याचा पाय ब्रेक दाबल्यासारखा हलत होता.

१५ जुलै, सोमवार

कॉलेजला गेले. रजा टाकता आली असती. घरात बसून काय करणार होते?

आणि आजचा धडा तोच. कोंबडीच्या पिलाच्या चेतासंस्थेची घडण. पुढे ढकलावा असं मनात आलं. पण फळ्यासमोर उभी राहिले आणि हात आपोआप चालू लागला. पट्टी, कडा, खाच, नळी. बाहेरची कातडी आणि आतला मेंदू एकाच पडद्यातून होतात, हे सांगितलं की मुलं दरवर्षी मान वर करतात. आजही केली.

पहिल्या बाकावरच्या वैष्णवीनं विचारलं, "मॅडम, नळी बंदच नाही झाली तर?"

मी उत्तर दिलं. खालचं टोक राहिलं तर मूल जगतं. पाठीवर फोडासारखं येतं, ऑपरेशन करावं लागतं, पायांत कमी-जास्त राहतं. वरचं राहिलं तर जगत नाही. आवाज नेहमीसारखाच होता माझा. पदर सैल सोडला होता. बाळ आहे हे मुलींना माहीत आहे, बाकी काही माहीत नाही.

वैष्णवीनं लिहून घेतलं आणि परत विचारलं, "त्याला दुखत असेल का, मॅडम?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, दुखणं जाणवायला मेंदूचा वरचा भाग लागतो. तो नसतो. म्हणून नाही.

खात्रीने सांगितलं. पुस्तकाला खात्री आहे.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये गेले नाही. प्रयोगशाळेचं दार आतून लावून स्टुलावर बसून राहिले. कपाटात बेडकाच्या, सशाच्या, डुकराच्या पिलांच्या बरण्या आहेत. आज त्यांच्याकडे पाठ केली.

१७ जुलै, बुधवार

सुट्टी. तांड्यावर गेलो, याडीला सांगायला.

चंदाबाई माझ्या सासूबाई. लग्न झालं त्याच वर्षी माझी स्वतःची आई गेली, तेव्हापासून मी यांनाच याडी, म्हणजे आई, म्हणते. दुसऱ्या कुणाला आई म्हणायला उरलंच नाही.

शाम सांगेल असं ठरलं होतं. तो बैलाच्या अंगावरून हात फिरवत गोठ्यातच उभा राहिला. मग मीच सांगायला बसले. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत मेंदूला काय म्हणतात तेच आठवेना! शेवटी म्हटलं, याडी, डोकं भरलंच नाही बाळाचं. वरून उघडं आहे. जगायचं नाही.

याडी उठली. हात धुऊन आली, पुसला, माझ्या पोटावर ठेवला. ठेवून बसली.

"गरम हाय," म्हणाली.

मग म्हणाली, डॉक्टर म्हणतात तसं करा, तिथं मले अक्कल नाही. पण एकटी जाऊ नको, मी सोबत येईन. रडली नाही. मीही नाही. निघताना पिशवीत भाजी भरून दिली.

१८ जुलै, गुरुवार

बाळ हलतं. चार-पाच दिवसांपासून हलतंय, लिहिलं नव्हतं. आधी वाटलं गॅस असेल. आज स्पष्ट. आतून कुणी बोट फिरवावं तसं.

शाम जेवत होता. त्याला न सांगायचं ठरवलं होतं, पण माझा हात पोटाकडे गेला आणि त्याला कळलं. डावा हात ठेवला त्यानं. "काय चाललं रे?" असं पोटाशी बोलला. नेमकं तेव्हाच हललं. मग पुन्हा बोलला, पुन्हा हललं.

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी म्हटलं, हे पाठीतल्या मज्जारज्जूचं हलणं आहे. त्याला वरचा मेंदू लागत नाही. तुझ्या गुडघ्यावर डॉक्टर हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तसंच हे. ऐकणारं तिथं कुणी नाही, शाम.

"तू म्हणतं तसं असन," तो म्हणाला. "पण मी बोललो का हलते."

मी अजून समजावलं. फार समजावलं. तो ताट तसंच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

खरं शिकवलं मी त्याला. मग असं का वाटतंय की काही तरी हिसकावून घेतलं?

१९ जुलै, शुक्रवार

ठरवलं. दोन गोष्टी ठरवल्या.

सोमवारी यवतमाळला भरती व्हायचं. मेडिकलमध्ये.

दुसरीचं मूळ माझ्या एमएस्सीच्या दिवसांत आहे. अमरावतीला आम्हाला एकदा शरीररचनेचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. तिथं बरणीत असंच एक मूल होतं. मी त्याच्यासमोरून हलत नव्हते. तीन प्रकरणं वाचून जे कळलं नव्हतं ते तिथं पाच मिनिटांत कळलं. कुणाचं मूल, कुठल्या गावचं, काही लिहिलेलं नव्हतं. पण त्यानं मला शिकवलं होतं. मी आज शिकवते त्यात ते आहे.

मग हेही तसंच का देऊ नये? निदान वाया जाऊ नये.

मेडिकलच्या ॲनाटॉमी विभागाला फोन केला. दीपा वानखडे म्हणून मॅडम आहेत, फार हळू बोलतात. म्हणाल्या, आम्ही मागत नसतो, पण कुणी दिलं तर नीट ठेवतो, मान ठेवून ठेवतो. घरच्यांशी बोलून घ्या.

शामशी बोलले. ड्युटीच्या खाकी शर्टाची घडी करत होता. सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. नाही म्हणाला नाही, म्हणजे हो. त्याचं असंच असतं. अकरावीत एका वर्गात होतो तेव्हापासून ओळखते त्याला.

याडीला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग:

"काचेत? काहून? तिनं काय गुन्हा केला?"

मुलगा की मुलगी कुणालाच माहीत नाही. ती "तिनं" म्हणाली.

मी समजावायला लागले, शेकडो पोरं शिकतील, डॉक्टर होतील. ती म्हणाली, "लेकरू मातीत जाते बाई," आणि फोन ठेवला.

२१ जुलै, रविवार

याडी आली. पिशवी घेऊन, सोबत यायला. माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट पुढे सरकवते. डोळे वर उचलत नाही.

आज दिवसभर हललं.

२२ जुलै, सोमवार

भरती. गोळी दिली. सह्या केल्या. ॲनाटॉमीच्या कागदावर मी आधी सही केली, बाकीच्यांवर नंतर. खाटेजवळ याडी स्टुलावर. शाम व्हरांड्यात.

पलीकडच्या खाटेवरची बाई विचारते, कितवा महिना?

२५ जुलै, गुरुवार

झालं. काल.

कळा खऱ्याच असतात. ते कुणी सांगितलं नव्हतं. जगणाऱ्या मुलाच्या असतात तशाच.

नर्सनं विचारलं, बघायचंय का? बरेच जण नाही म्हणतात, म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं डोक्यावर कापसाची टोपी करून ठेवली होती, भुवयांपर्यंत. तिला कुणी सांगितलं होतं तसं करायला? कुणीच नसेल.

मुलगी.

श्वास नव्हता. नाक शामचं. ओठ मिटलेले. बोटांना नखं होती! प्रत्येक बोटाला. टोपीखाली काय आहे ते मला माहीत होतं, म्हणून मी टोपी उचलली नाही. बाकीचं सगळं पाहिलं. तळपाय माझ्या अंगठ्याएवढे.

मग शामकडे दिली. त्यानं कुशीत घेतलं, मोठ्या बाळाला घेतात तसं, मानेखाली हात देऊन. मान सांभाळत होता.

त्यानंतर मला झोपेचं इंजेक्शन दिलं असावं. उठले तेव्हा संध्याकाळ होती. याडी नव्हती, शाम नव्हता. नर्स म्हणाली, घरी जाऊन येतो म्हणाले, कपडे आणायला. शाम आज सकाळी आला. डोळे लाल. विचारलं, दिली? तो म्हणाला, "झालं सगळं."

मी म्हटलं, बरं झालं.

१ ऑगस्ट, गुरुवार

दूध येतच आहे.

डोक्यातली ती वाटाण्याएवढी ग्रंथी आपलं काम चोख करतेय. तिला कुणी कळवलंच नाही! डॉक्टरांनी गोळी दिली आहे, घट्ट बांधून ठेवायला सांगितलंय. ब्लाउज बदलून बदलून थकले. पिळून मोरीत सोडते. पाणी ओतते वर.

याडी इथंच आहे. रोज तेल लावून पाय रगडते, सुंठ-गूळ घालून खायला करते, बाळंतिणीचं सगळं. एक शब्द बोलत नाही. काल मी रागाने म्हटलं, असं गप्प राहून मला शिक्षा करताय का? तिनं पायावरचा हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि उठून आत गेली.

९ ऑगस्ट, शुक्रवार

याडी तांड्यावर परत गेली. घर रिकामं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कॉलेज सुरू करून तीन आठवडे झाले. सगळे माझ्याशी मऊ बोलतात. "पुन्हा होईल" म्हणतात.

आज प्रॅक्टिकल. कोंबडीची उबवलेली अंडी. कवचाला खिडकी कापायची, आतला जीव कोमट मिठाच्या पाण्यात घ्यायचा, भिंगाखाली बघायचा. मी दोन वेळा लाईट गेल्याची खोटी सबब सांगून हे टाळलं होतं. आज टाळता आलं नाही.

हृदयाचा लाल ठिपका धडधडत होता. त्याच्या वर नळी, नीट मिटलेली, टोकाला तीन फुगवटे. मुलं एकमेकांना ढकलून बघत होती. मी प्रत्येक बशी तपासली. सगळ्या नळ्या मिटलेल्या. एकूण एक. कोंबडीला जमलं!

मग हात धुतले आणि यवतमाळच्या त्या खोलीचा विचार केला. पांढरी भिंत, स्वच्छ काच, समोर कुणीतरी एक मुलगी वही घेऊन उभी. तिला काही तरी कळतंय. हा विचार करते तेव्हा श्वास खाली उतरतो माझा. कधी कधी मनात म्हणते, मुलगी कॉलेजात आहे. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर वेडी म्हणतील.

शाम साप्ताहिक सुट्टी मिळाली की एकटाच तांड्यावर पळतो. तूर बघायला, म्हणतो. माझ्याजवळ बसायला नको त्याला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी. तांड्यावर होतो. अमावस्येला आमच्याकडे मुली दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे दिवाळीची ओवाळणी, मागायला फिरतात, थोरांचा आशीर्वाद घेतात. मीही लहानपणी फिरले आहे. दाराशी आल्या, लहान-मोठ्या, नव्या ओढण्या घातलेल्या. याडीनं सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. एकेकीच्या. डोक्यावरून.

मी मागच्या दारानं बाहेर गेले. शाम आला मागोमाग. जवळ उभा राहिला. काही तरी सांगायचं होतं त्याला, असं वाटलं. मी म्हटलं, जा तू, पाहुणे आहेत.

१८ डिसेंबर, बुधवार



आज थर्ड इयरची सहल मेडिकलच्या संग्रहालयात नेली. मीच परवानगी काढली होती. कारण मुलांना सांगितलं अभ्यासाचं. वैष्णवी वगैरे खूश होत्या.

मुलांना आत सोडलं. मी एकेक बरणी बघत गेले. पाठीचे मणके, हृदय, जुळी. अशी मुलंही होती, दोन. दोन्ही जुनी, रंग गेलेली, मुलगे. पुन्हा पहिल्यापासून बघत आले. नव्हती.

वानखडे मॅडमना भेटले. फोनवरच्या आवाजापेक्षा वयानं मोठ्या निघाल्या. मी नाव सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

म्हणाल्या, "तुमचं बाळ आमच्याकडे आलं नाही. तुम्हाला माहीत नाही?"

मग सगळं सांगितलं. त्या दिवशी त्या स्वतः वॉर्डात आल्या होत्या. मी झोपले होते. शाम व्हरांड्यात होता, कुशीत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं. सोबत एक म्हातारी. मॅडमनी हात पुढे केले. तो म्हणाला, मॅडम, मी नेतो. सही झाली आहे, त्या म्हणाल्या. तो पुन्हा तेच म्हणाला. मी नेतो. भांडला नाही, आवाज चढवला नाही. नुसता तिथं उभा राहिला. "बापाच्या हातातून कसं घेणार?" मॅडम म्हणाल्या. वॉर्डात सांगून त्याला नेऊ दिलं त्यांनी.

 त्यांनी पाणी दिलं. मुलं बाहेर बसमध्ये गाणी म्हणत होती.

१९ डिसेंबर, गुरुवार

शामला विचारलं. दार लावून, सरळ.

तो नाकारायला गेला नाही. म्हणाला, नेली. मातीत ठेवली. मी विचारलं, कशी नेली? म्हणाला, "यष्टीनं. मांडीवर घेऊन. याडी बाजूले बसली होती. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं तिकीट विचारलं नाही. लेकरू झोपलं का, म्हणाला. व्हय म्हटलं."

मला राग आला. अजून आहे. मी ओरडले त्याच्यावर. माझ्या अंगातून गेली ती. सही माझी होती. पाच महिने मी त्या काचेच्या आधारावर उभी होते, आणि तुम्ही दोघं मला बघत होता! बाळंतपणानंतरही याडी मुकी राहिली ती माझ्यावर रुसून नाही, तर तोंड उघडलं की खरं निघून जाईल म्हणून! कुणी का नाही सांगितलं मला?

शाम भिंतीला टेकून खाली बसला. तो रडताना मी कधी पाहिला नव्हता.

"तू म्हणत होती, ती कामी येऊन राह्यली. तेवढ्यानं तू जेवत होती. ते कायले तोडू?"

मग थोड्या वेळानं, "तू सांगितलं ते सारं पटलं मले, रंजिता. ते मज्जारज्जूचं. सारं. पण मी बोललो का हलत होती ती. तिले एकटीले काचेत नाही ठेवता आलं मले."

 

आज वेगळ्या खोलीत झोपतेय.

२२ डिसेंबर, रविवार

तांड्यावर गेले. मीच म्हटलं, दाखवा.

मागच्या नाल्याच्या काठावर, जिथं तांड्यातली लहान लेकरं पुरतात तिथं. दगडांची छोटीशी ओळ. जनावरांनी उकरू नये म्हणून वर बाभळीचे काटे टाकलेले. काटे हिरवे होते, कालपरवाच तोडलेले. जुने, वाळलेले, बाजूला ढीग करून ठेवले होते. मोठा ढीग.

मी उभीच राहिले. शाम मागे थांबला. याडी पुढे झाली, उकिडवी बसली, काटे सरकवून मातीवर हात ठेवला. मग बोलली. माझ्याशी नाही, मातीशी; दुसरा हात माझ्याकडे करून.

"सोनू," म्हणाली, "तारी याडी आयी."